शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

जन्मापासून खुब्याचा सांधा निखळलेल्या मुलांविषयी आपल्या घराघरांत एक समजूत दृढ आहे : शस्त्रक्रिया झाली, प्लॅस्टर निघाले, मूल चालू लागले, की प्रकरण मिटले. शाळेच्या पटावर अशी मुले, त्यांतही मुलीच अधिक, आम्ही पाहत आलो आहोत; आणि ही समजूतच त्यांना सर्वाधिक भोवते, असे आमचे मत झाले आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातील उखळी ही परस्परांच्या संगतीतच घडतात. गोळा बाहेर राहिला तर उखळी उथळच राहते. मुलींत, पहिलटकरणीच्या अपत्यात आणि पायाळू बाळांत हा दोष अधिक आढळतो. पायाळू माणसाची लाथ कमरेच्या उसणीवर गुणकारी मानणाऱ्या आपल्या समाजाला पायाळू बाळाचा स्वतःचा खुबा तपासून घ्यावा हे मात्र ठाऊक नसते. असो. सहा महिन्यांच्या आत दोष कळला तर बहुधा डॉ. पावलिक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर भागते. पण हा दोष दुखत नाही. मूल लंगडू लागल्यावर तो ध्यानात येतो, आणि ‘मोठी झाली की सुधारेल’ या आश्वासनावर आणखी एखाद-दोन वर्षे निघून जातात. दीड वर्षाच्या पुढे बहुधा सांधा उघडूनच गोळा बसवावा लागतो. टोरांटोचे शल्यविशारद रॉबर्ट साल्टर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत उखळीच्या वरचे हाड कापून उखळी कलती करतात आणि फटीत मुलाच्याच हाडाची पाचर बसवितात.

यातील मोठा धोका रक्तपुरवठ्याचा. वाढत्या गोळ्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या मोजक्या व बारीक असतात. वर सरकलेला गोळा खाली ओढून उखळीत दाबला गेला, अथवा प्लॅस्टरमध्ये पाय फार फाकविले गेले, तर त्या चेपतात आणि गोळ्याचा काही भाग मरतो. मूल मजेत खेळत असते. क्ष-किरण चित्रात मात्र वर्ष उलटले तरी गोळा वाढलेला दिसत नाही. कधी कधी तर वाढ वाकडी होऊ लागल्यावर, दहा-बारा वर्षांच्या वयात, हा परिणाम उघड होतो. गोळा चपटतो, पाय आखूड राहतो आणि ऐन तारुण्यात सांधा झिजून दुखू लागतो. हा दाब टळावा म्हणूनच थोड्या मोठ्या मुलांत मांडीच्या हाडाचा तुकडा काढतात. ‘पाय आधीच आखूड, त्यात हाड कापणार?’ म्हणून आईबाप बिथरतात. परंतु ती काटछाट गोळ्याच्या रक्षणासाठी असते आणि वाढत्या वयात ती उणीव बरीचशी भरून येते.

गोळा पुन्हा निसटणे, जखमेत पू होणे हेही घडते. प्लॅस्टर छातीपासून पायापर्यंत असते. ते लघवीने भिजून कातडी सोलवटते. पायाची बोटे गार वा निळी पडली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्लॅस्टर निघाल्यावर हाडे काही काळ नाजूक असतात, साध्या पडण्यानेही मोडतात. सांधा ताठलेला असतो, मांडी घालून बसता येत नाही. पण म्हणून मालिशवालीकडून तो जबरीने मोकळा करून घेऊ नये.

ग्वाल्हेरच्या थंडीत बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधण्याची रीत आहे. ती खुब्याला घातक. जपानने १९७० नंतरच्या दशकात ही रीत सोडविण्याची मोहीम काढली, तेव्हा तेथील हा विकार पुष्कळच घटला. मूल कडेवर घेण्याची आपली सवय मात्र खुब्याला हितकर. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे. पथक अंगणवाडीत वा शाळेत येईल त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नये. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे जयारोग्य रुग्णालय तर शहरातच आहे.

हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण चौदा-सोळा वर्षांपर्यंत, ठरल्या वेळी क्ष-किरण चित्र काढावेच लागते. आपल्या नोकरदार कुटुंबांच्या बदल्या होतात, डॉक्टर बदलतात. पहिल्या चित्रापासूनची सर्व चित्रे आणि शस्त्रक्रियेचा कागद एका पिशवीत, जन्मपत्रिकेशेजारीच, ठेवावा. नव्या गावच्या डॉक्टरला जुन्याशी ताडून पाहिल्यावाचून गोळा वाढला की नाही हे सांगता येत नाही.