इंधन गाळणी, नळीतील

मोटारगाडीच्या इंधन टाकीपासून एंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीच्या मार्गातच बसविलेली व इंधनातील घन कण अडविणारी लहान गाळणी. व्यवहारात तिला ‘पेट्रोल फिल्टर’ म्हणतात. टाकीतील जाळी, पंपावरील काचेची वाटी किंवा एंजिनावर पक्की बसविलेली मोठी गाळणी यांहून ती वेगळी असते. नळी कापून दोन टोकांमध्ये ती अडकविता येत असल्याने, मुळात अशी सोय नसलेल्या जुन्या गाड्यांनाही ती नंतर जोडता येते. खडबडीत वाटांवर हौसेने चालविल्या जाणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत तिचा वापर विशेष आढळतो.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धी पावलेल्या विलिस जीपची जुळणी महिंद्र आणि महिंद्र या उद्योगसंस्थेने १९४९ मध्ये मुंबईतील माझगाव येथे सुरू केली. पुढे भारतात दीर्घकाळ तयार होत राहिलेल्या सीजे-३बी या जीपमध्ये २,१९९ घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन होते. १९८० नंतरच्या दशकात याच घडणीच्या गाड्यांत प्यूजो बनावटीचे २,११२ घ. सेंमी. डीझेल एंजिन रूढ झाले. १९८५ मध्ये मारुती जिप्सी ही हलकी पेट्रोल गाडी आली. यांपैकी अनेक गाड्या प्रथम सरकारी खाती, लष्कर किंवा ग्रामीण प्रवासी वाहतूक यांच्या सेवेत होत्या व नंतर हौशी मालकांकडे आल्या. ठाणे (एमएच-०४) व कल्याण (एमएच-०५) या परिवहन कार्यालयांच्या क्षेत्रातही अशा गाड्या जतन केलेल्या आढळतात. मुरबाड, शहापूरकडील कच्चे रस्ते व माळशेज घाट जवळ असल्याने त्यांचा सुटीच्या दिवशी वापर होतो. एरवी मात्र त्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. गाळणीची गरज निर्माण होते ती मुख्यतः या उभे राहण्यातून.

टाकीतील मळ : जुन्या जीपची टाकी पोलादी पत्र्याची असते. टाकी अर्धी रिकामी राहिली, की तीत दमट हवा शिरते. रात्री पत्रा थंड झाल्यावर हवेतील बाष्पाचे थेंब होऊन ते तळाशी साचतात व पत्र्याला आतून गंज चढतो. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे ही क्रिया येथे कोरड्या प्रदेशापेक्षा वेगाने घडते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण व बदलापूर परिसर जलमय झाला. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या टाकीत पाणी व गाळ थेटच शिरतो. याशिवाय जुन्या पेट्रोलातील उडून जाणारे घटक निघून गेल्यावर चिकट राळ उरते, तर रबरी नळ्या आतून झिजून त्यांचे कण सुटतात. गाडी कच्च्या रस्त्यावर हिंदकळली, की तळाचा हा सर्व साका ढवळून इंधनात मिसळतो. शहरात सुरळीत चालणारी जीप पहिल्याच खडकाळ वाटेवर बंद पडते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते.

रचना : गाळणीचे कवच प्लॅस्टिकचे, धातूचे किंवा काचेचे असते. आत घड्या घातलेला विशिष्ट कागद, नायलॉनची बारीक जाळी किंवा काशाचा सच्छिद्र तुकडा असतो. कार्ब्युरेटरमधील इंधन सोडणाऱ्या छिद्राचा व्यास साधारणतः एक मिमी. किंवा त्याच्या आसपास असतो. तरंडीच्या सुई-झडपेची बैठक तर त्याहून सूक्ष्म कणानेही उघडी राहते आणि पेट्रोल ओसंडून वाहते. म्हणून मानवी केसाच्या जाडीइतके, म्हणजे सु. ७० मायक्रोमीटर आकाराचे कणही अडविणे इष्ट ठरते. कवचावरील बाण इंधनाच्या प्रवाहाची दिशा दाखवितो. कागदी गाळणीत इंधन बाहेरून आत जाते व मळ घड्यांच्या बाहेरील विस्तृत पृष्ठावर साचतो. ती उलटी जोडल्यास मळ आतील अरुंद जागेत भरून गाळणी लवकर तुंबते.

गाळणीची जागा : सीजे-३बी जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या पातळीवर असते. एंजिनाच्या दंतुर-कामदंडाने चालणारा पटल-पंप तेथून इंधन ओढून सु. ०·२ ते ०·३ बार इतक्या अल्प दाबाने वर पाठवितो. यावरून मार्गाचे दोन भाग पडतात व त्यांतील दोषांची लक्षणे भिन्न असतात. टाकी व पंप यांमधील ओढीच्या भागात जोड सैल असेल, तर पेट्रोल सहसा गळत नाही. उलट नळीत हवा शिरते व एंजिन अडखळते. पंप व कार्ब्युरेटर यांमधील दाबाच्या भागात तोच दोष असल्यास पेट्रोल बाहेर ठिबकते. ओढीच्या भागात फार बारीक गाळणी बसविल्यास नळीतील दाब अधिक उतरतो. दाब उतरला, की द्रवाचा उत्कलनबिंदूही उतरतो. परिणामी उन्हाळ्यात पेट्रोलाची नळीतच वाफ होऊन प्रवाह खंडित होतो. म्हणून पंपाआधी फक्त भरड जाळी व पंपानंतर बारीक गाळणी, ही विभागणी योग्य मानली जाते. पारदर्शक गाळणी चालू स्थितीत पूर्ण भरलेली दिसतेच असे नाही. प्रवाह अखंड असल्यास तो दोष समजू नये.

गाळणी तुंबल्याची खूण चढावर कळते. एंजिन मंद गतीने फिरत असता त्याला ताशी एक-दोन लिटर पेट्रोल पुरते व ते अर्धवट तुंबलेल्या गाळणीतूनही येते. भरलेली गाडी घाट चढू लागली, की गरज अनेक पटींनी वाढते; तरंड-पात्रातील साठा संपताच एंजिन दम सोडते. थोडा वेळ थांबल्यावर पात्र पुन्हा भरते आणि गाडी पुन्हा काही अंतर चालते. प्रज्वलन-यंत्रणेतील बिघाड समजून नाहक प्लग बदलले जातात ते अशाच वेळी.

एथॅनॉलमिश्रित पेट्रोल : भारतात पेट्रोलातील एथॅनॉलचे सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले. २० टक्के मिश्रणाची विक्री २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली व २०२५ मध्ये ते प्रमाण देशभर गाठले गेले. एथॅनॉल उत्तम विद्रावक असल्याने जुन्या टाकीतील व नळ्यांतील राळ सुटी करते. त्यामुळे बदलानंतर प्रथम काही काळ गाळण्या लवकर भरतात. जुन्या घडणीचे रबर त्याच्या संपर्काने फुगते किंवा ठिसूळ होते. एथॅनॉल पाणीही सामावून घेते. मात्र मर्यादा ओलांडली, की पाणी व एथॅनॉल यांचा जड थर पेट्रोलापासून वेगळा होऊन तळाशी बसतो. हा थर द्रवरूप असल्याने कागदी गाळणीतून सहज पार होतो. पाण्यावर ही गाळणी उपाय नव्हे. दीर्घकाळ उभी राहणारी गाडी शक्यतो भरल्या टाकीने ठेवणे, टाकीचे झाकण घट्ट असणे आणि पावसाळ्यानंतर तळाची मळसूत्री बूच काढून साका सोडणे, हे खरे उपाय होत. रबरी नळ्या एथॅनॉल सहन करणाऱ्या असाव्यात.

डीझेल व अंतःक्षेपणाच्या गाड्या : पेट्रोलाची लहान गाळणी डीझेल गाडीला मुख्य गाळणी म्हणून चालत नाही. अंतःक्षेपण-पंपाचे भाग अतिशय सूक्ष्म अंतराने एकमेकांत बसतात व डीझेल हेच त्यांचे वंगण असते. तेथे काही मायक्रोमीटर आकाराचे कण व पाणी दोन्ही अडविणारी मूळची गाळणी आवश्यक असते. गाळणी बदलल्यावर मार्गातील हवा काढावी लागते. गॅरेजच्या भाषेत यास ‘एअर काढणे’ म्हणतात. पेट्रोल-अंतःक्षेपण असलेल्या उत्तरकालीन जिप्सीसारख्या गाड्यांत नळीतील दाब कार्ब्युरेटरच्या गाड्यांहून कितीतरी अधिक असतो. तेथे प्लॅस्टिकची साधी गाळणी फुटण्याचा धोका असतो.

सुरक्षितता : नळी कापून घातलेली प्रत्येक गाळणी दोन नवे जोड निर्माण करते व प्रत्येक जोड ही गळतीची संभाव्य जागा असते. ठाणे, कल्याण-डोंबिवली येथील पुष्कळ गाड्या निवासी इमारतींच्या तळमजल्यावर उभ्या केल्या जातात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. म्हणून तेथील गळतीचा धोका गाडीपुरता मर्यादित राहत नाही. गाळणी निकास-नळापासून व पंख्यापासून दूर असावी, तिला आधार असावा, नळीचा व्यास तोटीस जुळता असावा आणि तार गुंडाळण्याऐवजी योग्य क्लिप वापरावी. काम एंजिन थंड असता, बॅटरीची जोडणी सोडून, उघड्या जागी करावे व नंतर एंजिन चालू ठेवून जोड तपासावेत.

गाळणी ही टाकीच्या स्थितीची दर्शकही आहे. नवी गाळणी काही सहलींतच तांबूस झाली, तर वारंवार गाळणी बदलण्याऐवजी टाकी उतरवून आतून स्वच्छ करणे किंवा बदलणे आवश्यक ठरते. टाकी निर्मळ झाल्यावर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरानुसार, तसेच दरवर्षी पावसाळ्यानंतर गाळणी व नळ्या तपासणे पुरेसे असते.