डॉलर राहतो कुठे?

बँकेत पैसे ठेवले म्हणजे आपल्या नावाच्या नोटा तिजोरीत वेगळ्या बांधून ठेवलेल्या असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक बँक ही ऋणको आणि ठेवीदार धनको, एवढेच ते नाते. १८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'फोली विरुद्ध हिल' या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. परंतु धनको एका देशाचा, ऋणको दुसऱ्या देशाचा आणि खाते तिसऱ्याच देशात असले, तर या तत्त्वावर कोट्यवधींचा निकाल अवलंबून राहतो.

लिबियन अरब फॉरेन बँकेचे 'बँकर्स ट्रस्ट' या अमेरिकन बँकेच्या लंडन शाखेत डॉलरचे खाते होते. ८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी लिबिया सरकारची मालमत्ता गोठवण्याचा हुकूम काढला. अमेरिकन बँकांच्या परदेशांतील शाखाही त्यात आल्या. लंडनच्या खात्यात तेव्हा सुमारे १३ कोटी १५ लाख डॉलर शिल्लक होते. लिबियन बँकेने पैसे मागितले. बँकर्स ट्रस्टने नकार दिला. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले.

बँकेचे म्हणणे असे की, एवढ्या मोठ्या रकमेचा डॉलर-व्यवहार अखेर न्यूयॉर्कच्या समाशोधनातूनच पुरा होतो आणि तेथे तो आता बेकायदा आहे. न्यायमूर्ती स्टॉटन यांनी १९८७ मध्ये हे म्हणणे फेटाळले. खाते लंडनला, म्हणून त्याला कायदा इंग्लंडचा. पैसे न्यूयॉर्कमार्गेच घ्यावेत असे ठेवीदारावर बंधन नाही. तो लंडनमध्ये रोख डॉलर मागू शकतो. ते मिळणे अशक्य झाले तर पौंडांत रक्कम घेऊ शकतो.

या निकालाने बँकेची कोंडी स्पष्ट झाली. मायदेशाचा हुकूम एक सांगतो, शाखा जेथे आहे तेथील कायदा दुसरेच सांगतो. तात्पर्य हे की, डॉलर अमेरिकेचा असला तरी डॉलरमधील देणे अमेरिकेतच राहते असे नाही. म्हणूनच परदेशी कर्जाच्या करारात व्याजाच्या दराइतकेच, कोणत्या देशाचा कायदा लागू आणि दावा कोणत्या न्यायालयात, हे कलमही काळजीपूर्वक वाचावे लागते. एरवी ते कलम कोणाला आठवतही नाही. वाद उपस्थित झाला की सारे त्याच्यावरच येऊन ठेपते.