घर घेताना : लेखांक सातवा – स्टेशनालगतची जुनी सदनिका

गेल्या लेखांकात नव्या गृहप्रकल्पांच्या 'महारेरा' नोंदणीचा विचार आपण केला. परंतु पिंपरी-चिंचवडची १९८२ साली महानगरपालिका झाली त्या सुमारास, किंवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या खरेदीदारास त्या कायद्याचा आधार फारसा मिळत नाही, आणि चिंचवड, आकुर्डी, कासारवाडी या स्थानकांपासून पायी जाता येईल अशा अंतरावरच्या इमारती तर पुष्कळशा याच वयाच्या आहेत.

जाहिरातीतील 'स्टेशनपासून पाच मिनिटे' या शब्दांवर किती विसंबावे, हा पहिला प्रश्न. जपानात असे एक मिनिट म्हणजे ८० मीटर, हा हिशेब नियमानेच ठरलेला आहे. आपल्याकडे ती मिनिटे दलालाच्या दुचाकीची असतात. शिवाय चाकणला रेल्वे नाही. तेथील कारखान्यात जाणारा मनुष्य चौकात कंपनीच्या बसची वाट पाहतो, लोकलची नव्हे. तेव्हा स्टेशनाच्या सान्निध्याचे जादा मोल त्याने एकट्यासाठी मोजणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मात्र घरातील दुसरे कोणी शिवाजीनगरला किंवा लोणावळ्याला नोकरीस जात असेल, तर १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल आणि २०२२ साली पिंपरीहून सुरू झालेली मेट्रो यांचे महत्त्व त्या कुटुंबास सांगावे लागत नाही.

खरी मेख दस्तऐवजांत असते. जुनी सदनिका घेणारा भिंती विकत घेतो असे वरवर दिसते. वस्तुतः भिंतींचे मूल्य वर्षागणिक घटत जाते, आणि टिकते ते खालच्या जमिनीतील हिश्श्याचे. ती जमीन कोणाच्या नावे आहे? १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यान्वये गृहरचना संस्था स्थापन झाल्यावर चार महिन्यांत विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. तथापि तीस-तीस वर्षे लोटली तरी सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर मूळ मालकाचेच नाव कायम आहे, अशा संस्था या पट्ट्यात काही थोड्या नाहीत. विकासक दाद देत नसल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविता येते. संस्थेने तो खटाटोप केला आहे की नाही, हे फरशा आणि स्वयंपाकघराचा ओटा पाहण्यापूर्वी चिटणिसांना विचारावे. पूर्वीच्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या हद्दीतील भूखंड बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असल्यामुळे तेथे उरलेली मुदत आणि हस्तांतरणाची परवानगी यांचीही चौकशी आवश्यक ठरते. यापूर्वीच्या सर्व खरेदीखतांची अखंड साखळी, इंडेक्स टू, भोगवटापत्र, भागदाखला आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हे वकिलाने तपासावेतच. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

इमारत पाहावयाची ती तळातून व माथ्यावरून. वाहनतळातील खांबांना उभ्या भेगा गेल्या आहेत काय, गच्चीवरील टाकीच्या तळाचे प्लॅस्टर निखळून गंजलेली सळई उघडी पडली आहे काय, एवढे तरी कोणासही दिसते. नुकताच दिलेला रंग ते झाकीत असेल, तर रंगाचे प्रयोजन काय, असे विचारण्यास संकोच करू नये. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावयास हवे. त्याचा अहवाल आणि सिंकिंग फंडाची शिल्लक, दोन्ही मागावीत. जपानी ग्राहक इमारतीचा बांधकाम-परवाना जून १९८१ च्या भूकंप-नियमांनंतरचा आहे काय, हे पाहून लगेच दुरुस्ती-निधीकडे वळतो. आपल्याकडे देखभाल-वर्गणी कमी असल्याचे मात्र भूषण म्हणून सांगितले जाते, आणि पुढे गळती लागली की तोच निधी रिता आढळतो.

हस्तांतरणाच्या वेळी काही संस्था 'ऐच्छिक देणगी' मागतात. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण-अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर मागितलेली रक्कम देण्याचे बंधन खरेदीदारावर नाही. याच इमारती पुनर्विकासास निघाल्या तर नव्या सभासदाचे काय होते, हा विषय पुढील लेखांकात.