ई-पुस्तकातील अर्थसूचक टॅग
मजकुराचे दृश्य रूप न सांगता त्याचे कार्य सांगणाऱ्या एचटीएमएल भाषेतील खुणा. केवळ ठळक केलेली ओळ डोळ्यांना शीर्षक वाटते; अंध वाचकासाठी मजकूर उच्चारणाऱ्या संगणकप्रणालीला मात्र ती साधी ओळच असते. शीर्षकाच्या टॅगांमुळे वाचकाला हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येते. उदा., जैन ग्रंथभांडारांसाठी प्रसिद्ध असलेल्या कारंजा लाड (जि. वाशिम) या गावाचे नाव धारण करणाऱ्या कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे जसहरचरिउ हे अपभ्रंश काव्य ४ संधींचे (सर्गांचे) असून त्यातील प्रत्येक कडवकाच्या अखेरीस ‘घत्ता’ ही समारोपाची द्विपदी येते. त्याच्या ई-पुस्तकात ग्रंथनामास ‘एच१’, संधीस ‘एच२’ व कडवकाच्या क्रमांकास ‘एच३’ हे टॅग योजावेत. द्विपदीसाठी स्वतंत्र टॅग नसल्याने परिच्छेदाच्या ‘पी’ टॅगला ‘घत्ता’ हे वर्गनाम जोडावे. त्यामुळे पडद्याचा आकार बदलला, तरी काव्याची रचना अबाधित राहते.