देशी गोवंशाचे प्रजनन : माज अल्पकाळ, बीजांडे मात्र विपुल

नवी दिल्ली : वशिंड, गळ्याखालची सैल पोळी आणि उन्हातान्हात तग धरणारी कातडी ही भारतीय गोवंशाची ओळख. शास्त्रीय परिभाषेत या गोवंशाला ‘झेबू’ म्हणतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश असून त्यांपैकी सुमारे १४.२ कोटी जनावरे देशी व अवर्णित आहेत. एवढा मोठा संचय घरात असूनही गीर, ओंगोल आणि कांकरेज यांच्या सुधारणेचा विषय निघाला की नजर ब्राझीलकडे वळते. याचे कारण या गाईच्या प्रजननात आणि तिच्या नोंदींतही शोधावे लागते.

झेबू आणि युरोपीय गोवंश यांचे रानटी पूर्वज काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. झेबूला माणसाळवण्याचे काम सुमारे ८,००० वर्षांपूर्वी सिंधू खोऱ्याच्या परिसरात झाले. त्याचे प्राचीन पुरावे बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडले आहेत. दोन्ही गोवंशांत गुणसूत्रे ६०च असल्याने त्यांचा संकर सहज होतो व संततीही प्रजननक्षम असते. मात्र नराच्या ‘वाय’ गुणसूत्राची ठेवण दोघांत निराळी असते. त्यामुळे एखाद्या वळूची पितृपरंपरा देशी की विदेशी, हे प्रयोगशाळेत ओळखता येते.

ब्राझीलमधील ‘नेलोर’ या जातीचे नावच आंध्र प्रदेशातील नेल्लोरवरून पडले आहे. तेथे भारतातून गेलेली जनावरे संख्येने थोडी होती. भारतीय वळू स्थानिक युरोपीय वंशाच्या गाईंना पिढ्यानपिढ्या लावून कळप वाढवले गेले. आईकडून येणारी जनुकीय खूण, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए, बहुसंख्य नेलोर गाईंत आजही युरोपीय आढळते. बाह्यरूप पूर्ण भारतीय आणि आजी-पणजी मात्र परकी, असा हा प्रकार आहे.

गोठ्यातील खरी अडचण माजाची असते. देशी गाईचा माज बहुधा १० ते १२ तासांत संपतो, अनेकदा तो रात्री येतो आणि हंबरणे, दुसऱ्या गाईवर चढणे अशी लक्षणे मंद असतात. पशुपालक याला ‘मुका माज’ म्हणतात. तो हुकला की पुढच्या संधीसाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. असे दोन-तीन माज हुकले की गाईचा भाकड काळ दोन महिन्यांनी लांबतो आणि तेवढे दिवस चारा फुकट जातो. त्यातच देशी कालवड उशिरा वयात येते. पहिले वेत साडेतीन-चार वर्षांच्या वयात होणे आपल्याकडे सर्रास दिसते. यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण वासरपणीच्या उपासमारीचा वाटाही कमी नाही. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा जुना नियम देशी गाईसाठीही उपयोगी आहे. तो पाळायचा तर पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारावी लागते.

दुसऱ्या बाजूला निसर्गाने या गाईला एक ठेवा दिला आहे. झेबू गाईच्या अंडाशयात एका वेळी वाढणाऱ्या बीजपुटिकांची संख्या युरोपीय गाईच्या जवळपास दुप्पट असते. साहजिकच एका वेळी अधिक बीजांडे मिळतात आणि प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याचे तंत्र तिच्यात अधिक फलदायी ठरते. ब्राझीलने नेमका याचाच लाभ घेतला. मात्र तिची प्रमुख पुटिका आकाराने लहान असते आणि संप्रेरकांना तिचे शरीर अधिक संवेदनशील असते. विदेशी गाईंसाठी ठरवलेली मात्रा जशीच्या तशी देणे म्हणूनच चुकीचे ठरते.

तरीही केवळ भ्रूणतंत्राने कळप सुधारत नाही. ब्राझीलमध्ये १९८५ पासून दुधाळ गीरच्या निवडीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि वळूचे मोल त्याच्या मुलींच्या दूधनोंदींवरून ठरते. भारतात मुख्य उणीव या नोंदींची आहे. गावातील एकच वळू वर्षानुवर्षे वापरात राहिला की तो स्वतःच्या मुलींनाही लागतो. अशा संबंधातून जन्मणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते. त्याची फळे अशक्त वासरे, घटलेले दूध आणि रखडलेली गर्भधारणा या रूपांत दिसतात, आणि दोष मात्र ‘देशी जाती’वर ढकलला जातो.

मुलींच्या दुधावरून वळू पारखायचा तर देशी जातींत सात-आठ वर्षे सहज जातात. जनुकीय चिपचे महत्त्व त्यामुळेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ‘इंडीगौ’ ही चिप विकसित केली. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’ आणि लिंगवर्गीकृत रेतमात्रांच्या स्वदेशी तंत्राचे लोकार्पण झाले. ‘एक्स’ गुणसूत्र असलेल्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के अधिक असतो. या फरकावरून शुक्राणू वेगळे केले जातात आणि जवळपास ९० टक्के कालवडी जन्मतात. गर्भधारणेचे प्रमाण मात्र साध्या रेतमात्रेपेक्षा काहीसे कमी राहते, हे पशुपालकाला आधीच सांगितले पाहिजे. चिपचा अंदाजही दूधनोंदींच्या आधाराविना पोकळच राहतो. बारा अंकी कानबिल्ला असूनही दूध मोजले जात नसेल, तर तो केवळ बिल्लाच.

उष्णता आणि गोचीड सोसण्यात झेबू सरस आहे, पण सांसर्गिक गर्भपातापासून, म्हणजे ब्रुसेलोसिसपासून, ती मुक्त नाही. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस दिली जाते आणि आयुष्यात ती एकदाच पुरते. नर वासरांना आणि गाभण गाईंना ती देत नाहीत. हा रोग माणसालाही होतो. म्हणून गर्भपात झालेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नये, तो खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.