नाकारलेला क्वार्टरबॅक : जॉनी युनायटसची पहिली वर्षे

अमेरिकेत ज्या खेळाला ‘फुटबॉल’ म्हणतात, त्याचे आपल्या परिचयाच्या फुटबॉलशी नावापलीकडे फारसे साम्य नाही. त्या खेळातील चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला तो दहा यार्ड पुढे नेण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात; न कापल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. अशा रीतीने मजल दरमजल करीत चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेला की ‘टचडाऊन’ होतो व सहा गुण मिळतात. ते न साधल्यास उंच खांबांच्या मधून चेंडू लाथेने पलीकडे पाठवून तीन गुण मिळविता येतात.

ह्या सर्व हालचालींच्या केंद्रस्थानी जो खेळाडू उभा असतो त्याला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. तो चेंडू जवळच्या गड्याकडे देऊन त्याला धावावयास लावावयाचे, की दूर धावत असलेल्या गड्याकडे फेकावयाचे, ह्याचा निर्णय त्याला करावा लागतो. आणि तोही दोन-तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांच्या देखत. चेंडू गडी जेथे आहे तेथे फेकून चालत नाही, तो क्षणभराने जेथे पोहोचणार असेल तेथे फेकावा लागतो. आज प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात बसविलेल्या ध्वनियंत्रावरून सूचना देऊ शकतो. पण ही मुभा व्यावसायिक खेळात 1994 पासूनची आहे. 1950 नंतरच्या दशकात बहुतेक संघांत पुढची चाल कोणती, हे क्वार्टरबॅकच आपल्या गड्यांना घोळक्यात घेऊन सांगत असे. म्हणजे त्या काळी हा खेळाडू चेंडू फेकणारा तर होताच, पण रणांगणावरील सेनापतीही होता.

मग अशा खेळाडूची पारख करावयाची कशी? उंची मोजता येते, वजन करता येते, फेक किती लांब जाते हे पाहता येते. परंतु संकटाच्या क्षणी त्याची बुद्धी स्थिर राहील की नाही, हे मोजण्याचे साधन कोणापाशीही नसते. जॉनी युनायटस ह्या खेळाडूच्या पहिल्या काही वर्षांची हकीकत म्हणजे ह्या प्रश्नाचेच एक बोलके उदाहरण होय.

युनायटसचा जन्म 7 मे 1933 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग ह्या पोलाद कारखान्यांच्या शहरात झाला. घराणे मूळचे लिथुआनियाचे. वडिलांचा घरोघर कोळसा पोहोचविण्याचा लहानसा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असतानाच ते वारले. त्यानंतर आईने तो धंदा चालविला, जोडीला इतरही कामे केली आणि चार मुलांना वाढविले. शाळेत जॉनी क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळे. इंडियाना राज्यातील नोटर डेम ह्या विद्यापीठात खेळावे, ही त्याची आकांक्षा होती. परंतु हा किडकिडीत मुलगा महाविद्यालयीन खेळातील धक्के सोसू शकणार नाही, असे तेथील लोकांचे मत पडले. अखेर केंटकी राज्यातील लुइव्हिल विद्यापीठाने त्याला जागा दिली. 1951 साली तो तेथे दाखल झाला तेव्हा त्याची उंची सहा फूट, पण वजन केवळ 145 पौंडांच्या आसपास होते.

लुइव्हिलचा संघ बलाढ्य नव्हता. त्यातच विद्यापीठाने खेळांवरील खर्च आवरता घेतल्याने अनेक चांगले खेळाडू निघून गेले. दुबळ्या संघातील क्वार्टरबॅकला दुहेरी शिक्षा भोगावी लागते. त्याचे रक्षण करणारी फळी वारंवार फुटते आणि पराभवाचा बट्टा मात्र त्याच्या नावाला लागतो. पुढे नियम बदलले व चढाई आणि बचाव दोन्ही बाजूंनी खेळणे भाग पडले; तेव्हा युनायटस बचावफळीतही उभा राहिला. देशभर नाव व्हावे असे त्या चार वर्षांत काही घडले नाही. तथापि मार खाऊनही चेंडू हाती धरून शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याची सवय त्याला येथेच लागली असावी.

अमेरिकेतील व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड एकत्र जमून, पाळीपाळीने करतात. 1955 साली ह्या निवडीच्या तीस फेऱ्या झाल्या. पिट्सबर्ग स्टीलर्स ह्या युनायटसच्याच गावच्या संघाने त्याला नवव्या फेरीत घेतले. एकंदर क्रमाने तो 102 वा होता. सर्वांत प्रथम ज्याचे नाव पुकारले गेले तो ऑरेगन विद्यापीठाचा जॉर्ज शॉ. तोही क्वार्टरबॅकच होता आणि त्याला बाल्टिमोर कोल्ट्स ह्या संघाने घेतले. ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

स्टीलर्सच्या सराव शिबिरात चार क्वार्टरबॅक होते आणि त्यांपैकी एकाला जावे लागणार, हे उघड होते. हंगामापूर्वी जे सरावाचे सामने होतात, त्यांपैकी एकातही युनायटसला खेळविण्यात आले नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला घरी पाठविण्यात आले. हा मुलगा ह्या कामास पुरेसा हुशार नाही, असे प्रशिक्षकाचे मत होते, असे त्याच्या चरित्रातून वारंवार सांगितले जाते. ते मत कितपत विचारपूर्वक बनले होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच. ज्याची परीक्षाच घेतली नाही, त्याला अनुत्तीर्ण ठरविण्यात आले होते.

युनायटसचे तोपर्यंत लग्न झाले होते आणि पदरी लहान मूल होते. त्याने पिट्सबर्गमध्येच बांधकामावर, पायासाठी जमिनीत खांब ठोकण्याच्या कामावर मजुरी धरली. आठवड्यातून एकदा तो ब्लूमफील्ड रॅम्स ह्या हौशी-निमव्यावसायिक संघाकडून खेळू लागला. मैदान ओबडधोबड, प्रेक्षक थोडे आणि मानधन सामन्याला सहा डॉलर. एवढ्याशा रकमेसाठी हाडे मोडण्याचा धोका का पत्करावा, असे कोणालाही वाटेल. परंतु खेळ सोडला असता तर पुन्हा बोलावणे आल्यावर दाखविण्याजोगे त्याच्यापाशी काहीच उरले नसते.

ते बोलावणे 1956 साली आले. बाल्टिमोरच्या संघातील राखीव क्वार्टरबॅक कायद्याच्या अभ्यासासाठी खेळ सोडून गेला होता आणि जॉर्ज शॉच्या मागे उभे करण्यास स्वस्तातला कोणी तरी हवा होता. संघाचे सरव्यवस्थापक डॉन केलेट ह्यांनी युनायटसला दूरध्वनी केला. प्रशिक्षक वीब युबँक ह्यांनी त्याला चाचणीसाठी बोलावून घेतले, त्याच्या फेकी बारकाईने पाहिल्या आणि त्याला ठेवून घेतले. संघात टिकल्यास हंगामाला 7,000 डॉलर, असा करार झाला.

हंगामाच्या चौथ्या सामन्यात, 21 ऑक्टोबर 1956 रोजी, शिकागो बेअर्सविरुद्ध खेळताना शॉच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि युनायटसला मैदानात उतरावे लागले. अशा प्रसंगी कथेतला नायक पहिल्याच झटक्यात विजय खेचून आणतो. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. युनायटसची पहिलीच फेक बेअर्सच्या जे. सी. कॅरोलाइन ह्याने मध्येच हिरावून घेतली आणि धावत जाऊन त्यावर टचडाऊन केला. पुढे सहकाऱ्यांच्या हाती चेंडू देतानाही घोटाळे झाले व चेंडू निसटले. बाल्टिमोरने तो सामना 58-27 असा गमावला.

पिट्सबर्गचे मत खरे ठरले, असे त्या संध्याकाळी कोणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. परंतु येथे एक फरक होता. बाल्टिमोरपाशी दुसरा सिद्ध क्वार्टरबॅक नव्हता आणि युबँक हे धीर धरणारे गृहस्थ होते. पुढच्या आठवड्यात युनायटसच पुन्हा उभा राहिला आणि ग्रीन बेचा संघ 28-21 असा हरला. त्यानंतर आदल्या वर्षीच्या विजेत्या क्लीव्हलंडलाही बाल्टिमोरने नमविले. हंगामाअखेर युनायटसने 198 फेकी केल्या होत्या व त्यांपैकी 110 सहकाऱ्यांच्या हाती अचूक पडल्या होत्या. नवख्या खेळाडूच्या दृष्टीने हे प्रमाण असाधारण होते. जॉर्ज शॉला आपली जागा पुन्हा कधीच मिळाली नाही. एकाचा उदय दुसऱ्याच्या मोडलेल्या गुडघ्यातून झाला, हेही ह्या हकीकतीत विसरता कामा नये.

युनायटसच्या यशात रेमंड बेरी ह्या सहकाऱ्याचा वाटा मोठा होता. बेरी हा चेंडू झेलणारा गडी. निवडीत त्याचे नाव विसाव्या फेरीत आले होते. त्याची दृष्टी अधू होती आणि धावण्याचा वेगही सामान्यच होता. सराव संपून इतर खेळाडू निघून गेले की हे दोघे मागे राहत आणि त्याच त्या फेकी पुनःपुन्हा करीत. बेरी कितव्या पावलावर वळेल हे युनायटसला ठाऊक असे; त्यामुळे बेरी वळण्यापूर्वीच चेंडू त्याच्या हातून सुटलेला असे. प्रेक्षकांना जी जादू वाटे ती वस्तुतः घटवून घटवून पक्की केलेली वेळेची जाण होती.

1957 साली युनायटसने 24 टचडाऊन फेकी करून त्या बाबतीत सर्व क्वार्टरबॅकांना मागे टाकले. 1958 साली बरगड्या मोडल्यामुळे त्याला दोन सामने बाहेर बसावे लागले. तरीही बाल्टिमोरने अंतिम सामना गाठला. 28 डिसेंबर 1958 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर 64 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांची गाठ न्यूयॉर्क जायंट्सशी पडली. सामना संपण्यास सुमारे दोन मिनिटे उरली असता न्यूयॉर्क 17-14 असे पुढे होते आणि चेंडू बाल्टिमोरच्या स्वतःच्या अंतिम रेषेपासून अवघ्या 14 यार्डांवर होता. युनायटसने बेरीकडे लागोपाठ तीन फेकी केल्या व 62 यार्ड कापले. सात सेकंद बाकी असता स्टीव्ह मायराने लाथेने चेंडू खांबांमधून पाठविला आणि गुण बरोबरीत आले.

अंतिम सामन्यात जादा वेळ खेळण्याचा प्रसंग ह्या व्यावसायिक संघटनेत प्रथमच येत होता. जो आधी गुण करील तो विजयी, असा नियम होता. चेंडू मिळताच युनायटसने कधी धावणाऱ्याला, कधी झेलणाऱ्याला पुढे करीत संघ 80 यार्ड नेला. अंतिम रेषा सात यार्डांवर आली तेव्हा जपून खेळावे आणि लाथेच्या तीन गुणांवर सामना संपवावा, असेच सर्वांना अपेक्षित होते. त्याने मात्र कडेच्या रेषेजवळ जिम मुचेलरकडे चेंडू फेकला. तो हिरावला गेला असता तर सारे ओमफस झाले असते. परंतु समोरची बचावफळी कोठे झुकली आहे हे त्याने ताडले होते. मुचेलरने एक यार्डावर चेंडू झेलला. पुढच्याच चालीत अ‍ॅलन अमीचीने रेषा ओलांडली आणि बाल्टिमोरने 23-17 असा विजय मिळविला. त्या दिवशी युनायटसने 40 पैकी 26 फेकी अचूक केल्या होत्या. सहा डॉलरांचा ब्लूमफील्डचा खेळ सोडून त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती.

डिसेंबर 1956 पासून 1960 पर्यंत लागोपाठ 47 सामन्यांत त्याने किमान एक तरी टचडाऊन फेक केली. हा विक्रम 2012 पर्यंत अबाधित होता. 1979 साली त्याची गणना त्या खेळातील मान्यवरांत अधिकृतपणे करण्यात आली. 11 सप्टेंबर 2002 रोजी त्याचे निधन झाले.

खरा गुण केव्हा ना केव्हा उजेडात येतोच, असा बोध ह्या कथेतून काढण्याचा मोह होतो. परंतु तो तितकासा खरा नाही. बाल्टिमोरचा राखीव खेळाडू कायदा शिकावयास गेला नसता, शॉचा गुडघा शाबूत राहिला असता, किंवा त्या पहिल्या दारुण दिवसानंतर युबँक ह्यांनी धीर सोडला असता, तर युनायटस कदाचित पिट्सबर्गमध्ये खांबच ठोकीत राहिला असता आणि जगाला काही गमावल्याचे कळलेही नसते. त्याची पारख ज्यांनी चुकविली त्यांनी त्याचे वजन पाहिले होते. ज्यांनी ती अचूक केली त्यांनी त्याला चूक करू दिली आणि पुन्हा उभे केले. निवड करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, मग ती खेळाडूंची असो वा विद्यार्थ्यांची, त्यांनी ह्या दोहोंतील अंतर ध्यानात ठेवावे हे बरे.