न्यूरेंबर्गच्या बाजारात हमरापूरची नजर

मडक्यात शेंगा भाजायचे, पोपटीचे दिवस टाकून पेण तालुक्यातलं आमचं गडब सोडायचं माझ्या जिवावर येतं. डिसेंबरात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, भांबुर्ड्याचा पाला बांधावर हाताशी असतो. पण न्यूरेंबर्गला नोकरीला असलेली लेक म्हणाली, "आई, यायचं तर नाताळाआधीच या. 24 डिसेंबरला इथला बाजार उठतो." मग मी, हे आणि धाकटा असे तिघं निघालो. म्युनिकला उतरून जलद गाडीने तासाभराहून थोडा जास्त प्रवास.

त्या बाजाराचं नाव ख्रिस्तकिंडल्समार्क्ट. नाताळाआधीच्या चार रविवारांना तिकडे मान असतो. त्यातल्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सोनेरी केसांची, मुकुट घातलेली मुलगी फ्राउएनकिर्खे या चर्चच्या सज्जातून बाजार उघडल्याचं जाहीर करते. बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा 1628 सालचा, तोही एका लाकडी डबीच्या तळाशी सापडलेला. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात हे जुनं शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं, आणि 1948 साली बाजार पुन्हा भरला. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांनी तीन वर्षांत दुकानं मांडली, हे मनात आलं आणि मला तिथेच भरून आलं.

चौकात लाकडी दुकानांच्या रांगा, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. संध्याकाळी सव्वाचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दिवे लागलेला बाजार बघायला दुपारनंतरच जावं. सकाळ किल्ल्यासाठी आणि चित्रकार ड्यूररच्या घरासाठी ठेवावी. बारा वाजता मात्र चर्चसमोर यावं. घड्याळाखाली सात राजपुरुषांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात.

माझे पाय थबकले ते एका बाहुल्यांच्या दुकानापाशी. सुकवलेल्या आलुबुखारांना तारेत ओवून हातपाय आणि धड केलेलं, डोक्याच्या जागी अक्रोड. त्याला त्स्वेट्श्गेनमेन्ले म्हणतात. कुणी धुराडं साफ करणारा, कुणी नवरानवरी. माझं माहेर पेण तालुक्यातल्याच हमरापूरचं. गणपतीच्या कारखान्यात वाढले, लग्नाआधी आखणी करायचे. मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी. बाकी सगळं काम झाल्यावर शेवटी करायची. त्यामुळे मी आधी डोळेच बघितले. अक्रोडाच्या सुरकुतलेल्या कवचावर ब्रश सरळ चालत नाही, रेघ खाचेत उतरते. तरी दोन्ही बुबुळं एका पातळीत होती आणि भुवई एका झटक्यात ओढलेली. साच्यातून निघालेल्या वस्तूला ही भुवई येत नाही.

लेकीने सांगितलं, की या बाजारात प्लास्टिकच्या पानांच्या माळा चालत नाहीत, ध्वनिमुद्रित गाणी लावायची नाहीत. मसाल्याचा इथला लेबकूखेन केक 1996 पासून भौगोलिक नावाने संरक्षित आहे. दुसऱ्या गावात केलेल्या केकला न्यूरेंबर्गचं नाव लावता येत नाही. गणेशमूर्तींच्या आमच्या पेणचं नाव मात्र वर्षानुवर्षं कुठल्याही गावच्या कुठल्याही मूर्तीला चिकटत आलं. हातावर जगणाऱ्या कारागिरांसाठी असं कुंपण हवंच, असं मला मनापासून वाटतं.

खरेदीबद्दल थोडं. भाव करायची पद्धत नाही. गरम पेय ज्या मगातून देतात त्याची अनामत आधी घेतात, मग परत केला की पैसे परत. मगावरचं चित्र दरवर्षी बदलतं म्हणून आम्ही एक ठेवून घेतला. रविवारी शहरातली दुकानं बंद, बाजार सुरू. एका दुकानातलं बिल 50 युरोंच्या वर गेलं, तर कर परतीचा कागद मागावा आणि विमानतळावर सामान आत देण्याआधी वस्तू दाखवून शिक्का घ्यावा. इथलं बोटाएवढं सॉसेज डुकराच्या मांसाचं असतं, आम्ही खात नाही. आम्ही बटाट्याची तळलेली थालीपिठं घेतली, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. ह्यांनी उभ्या उभ्या तीन संपवली.

परत आल्यावर मी तो आलुबुखाराचा बाहुला घेऊन हमरापूरला गेले. दादा परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या कामात होता. हात पुसून त्याने बाहुला दिव्याखाली धरला, बराच वेळ फिरवून बघितला. मग म्हणाला, "डोळे बाईमाणसाने आखलेत. आणि डावा आधी."